गुलमर्गचा ताजा बर्फ : अंदाज बघून सुट्टी टाकायची, की सुट्टी टाकून बर्फाची वाट बघायची?

हिमवेडी

नमस्कार मंडळी,

दोन हिवाळे हा प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून शेवटी धागाच काढला.

मी पुण्याची. गुलमर्गला स्कीइंगचा बेसिक आणि नंतर इंटरमीजिएट असे दोन्ही कोर्स केलेत. मशीनने दाबलेल्या उतारावरून आता नीट उतरते. पण मला खरी ओढ आहे ती ताज्या, कुणाचंही पाऊल न पडलेल्या बर्फाची. कोर्सच्या शेवटच्या दिवशी पहाटे तसा बर्फ पडला होता आणि सरांनी आम्हाला अर्धा तास त्यात सोडलं होतं. तो अर्धा तास काही केल्या डोक्यातून जात नाही.

पुढे काय झालं ते सांगते. २०२४ च्या जानेवारीचं विमान आणि हॉटेल ऑक्टोबरमध्येच ठरवून ठेवलं. महिन्याच्या मध्यावर पोचलो, तर सगळं मैदान तपकिरी. नुसतं वाळलेलं गवत, आणि स्लेजवाले काका उन्हात बसलेले. आम्ही परत आलो आणि महिनाअखेरीला बर्फ सुरू झाला. हिंजवडीत डबा खाताना मी त्याचे व्हिडिओ बघत होते.

दुसऱ्या वेळी ॲप बघून गेले. ॲप म्हणत होतं ६० सेंटिमीटर. बर्फ पडलाही, पण इतका की श्रीनगरची विमानं रद्द झाली आणि आम्ही दिल्लीत दोन रात्री अडकलो. पोचलो तेव्हा सगळा उतार उकरलेला, आणि वर उन्हाने धरलेली पापडी.

यंदा सहा दिवस रजा आणि दोन शनिवार-रविवार हाताशी आहेत. ॲप आज ४० सेंमी दाखवतं, उद्या ५. ज्यांना हा ताजा बर्फ नेमका गाठता येतो, ते नक्की काय बघतात? इथे असं करणारं कुणी आहे का?

पायवाट

वाचतेय. माझाही हाच प्रश्न आहे, फक्त रजा चारच दिवस.

सॉल्टलेकवासी

माझ्या जिव्हाळ्याचा विषय काढलात! अमेरिकेत, युटामध्ये चौदा वर्षं काढली. लिटल कॉटनवुडची दरी घरापासून पंचवीस मिनिटांवर आहे. नोव्हेंबर ते एप्रिल सकाळचा चहा हवामानाचे नकाशे बघतच होतो.

पहिली गोष्ट, ॲपमधला तो सेंटिमीटरचा आकडा डोक्यातून काढून टाका. बहुतेक ॲप हवामानाच्या एका संगणकी मॉडेलचं एकच गणित उचलतात. मॉडेल सांगतं पाणी किती पडेल. ॲप त्याला सरसकट दहाने गुणतं, म्हणजे १० मिलिमीटर पाणी तर १० सेंटिमीटर बर्फ. पण तेवढ्याच पाण्याचा थंड हवेत १५ सेंमी, कधी २० सेंमी भुरभुरीत बर्फ होतो आणि उबदार हवेत जेमतेम ७ सेंमी चिखलट. म्हणून मी आधी पाणी बघतो, मग तापमान, आणि गुणाकार स्वतः करतो.

दुसरी गोष्ट एन्सेम्बलची. युरोपियन मॉडेल सुरुवातीची परिस्थिती किंचित बदलून तोच अंदाज पन्नास वेळा पुन्हा चालवतं. सात दिवस आधी त्या पन्नासांपैकी चाळीस जण ‘वादळ येतंय’ म्हणत असतील, तर मी बॉसच्या कानावर घालून ठेवतो. दहाच जण म्हणत असतील तर बाजारात तुरी. तुमचं ॲप ४० चं ५ करतं तेव्हा हवामानाने फारशी कूस बदललेली नसते. पन्नासांतला वेगळा एक जण पुढे आलेला असतो, इतकंच.

थोडक्यात, दहा दिवस आधी ‘काहीतरी येतंय’ एवढंच कळतं. पाच दिवस आधी कोणत्या दोन दिवसांत ते कळतं, दोन दिवस आधी साधारण किती ते. आणि बर्फ हलका की जड, हे आदल्या रात्रीच कळतं. नेमकी तारीख मागू नका, तीन दिवसांची खिडकी मागा.

जुना_दादरकर

सॉल्टलेकवासी, तुम्ही पंचवीस मिनिटांवर राहता म्हणून हे जमतं. पुण्याच्या माणसाला ‘आदल्या रात्री कळतं’ याचा काय उपयोग? दोन दिवस आधी श्रीनगरचं तिकीट काढून बघा, डोळे पांढरे होतील.

माझं मत साधं आहे. २५ जानेवारी ते २० फेब्रुवारी यातले आठ दिवस धरायचे, आधीच बुक करायचं आणि तिथे जाऊन बसायचं. मी नऊ वेळा गेलोय, त्यात सहा वेळा ताजा बर्फ मिळाला. मॉडेलं कधीही उघडली नाहीत.

हवामानवेडा

दादरकर, सहा वेळा मिळाला याचंही कारण आहे, आणि ते सुंदर आहे. 🙂 थोडं विस्ताराने लिहितो. नमनाला घडाभर तेल वाटलं तर माफ करा.

काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातांमधून. आपल्या वर्तमानपत्रांत त्यांनाच कुणी पश्चिमी चक्रावात म्हणतं, कुणी हिंदीतून उचलून विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूला ही प्रणाली तयार होते आणि वरच्या थरातल्या पश्चिमी वाऱ्यांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान पार करत येते. वाटेत अरबी समुद्राचं बाष्प मिळालं की तिला बळ चढतं. थंडीत दर महिन्याला अशा साधारण चार ते सहा प्रणाली येतात. सगळ्याच जोरदार नसतात, पण आठ दिवस मुक्काम ठोकला तर एखादी गाठ पडतेच. दादरकरांचं गणित इथे जुळतं.

पण काही हिवाळ्यांत वरचा प्रवाह उत्तरेला सरकतो आणि प्रणाली काश्मीरला चुकवून जातात. २०२४ चा जानेवारी तसाच होता. २०२५ लाही फेब्रुवारीतल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला, तो मार्चमध्ये झाला. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ते चाळीस कडक दिवस, कोरडे जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्यामुळे आंधळेपणाने बुक करणं पूर्वीइतकं सुरक्षित नाही.

आता काय बघायचं ते.

पाच-सहा दिवस आधी ५०० हेक्टोपास्कलचा नकाशा, म्हणजे साडेपाच किलोमीटर उंचीवरचा. तिथे पश्चिमेकडून येणारी खोल घळ, म्हणजे कमी दाबाचा पन्हाळीसारखा पट्टा, दिसली पाहिजे, आणि ती जितकी दक्षिणेपर्यंत लोंबेल तितकं बाष्प जास्त. दोन दिवस आधी इन्सॅट उपग्रहाची बाष्पाची चित्रं, त्यात अफगाणिस्तानावर स्वल्पविरामाच्या आकाराचा ढग दिसतो. तो दिसला की मी कामातून पंधरा मिनिटं उठतो.

मग ७०० हेक्टोपास्कलचं तापमान. ही पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० मीटरवर येते, म्हणजे जवळपास कोंगदुरी, गुलमर्गच्या गोंडोलाचा (केबिनच्या रोपवेचा) पहिला टप्पा, फेज वन, संपतो तिथे. तिथे उणे २ असेल तर खाली टंगमर्गला पाऊस आणि गुलमर्गला ओला बर्फ. उणे ८ किंवा त्याखाली गेलं तर हिमवेडी म्हणतात तो बर्फ.

वेळही सांगतो. सकाळच्या साडेपाचची जीएफएस या अमेरिकन मॉडेलची फेरी आपल्याला नऊ-साडेनऊपासून दिसायला लागते, युरोपियन दुपारच्या जेवणाच्या सुमारास. दिवसातून दोनदा बघा, वीसदा नाही. दर फेरीला आकडा हलणारच, त्यात जीव टांगून ठेवू नका.

एक अडचण मात्र मॉडेलच्या मुळातच आहे. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतं, आणि युरोपियन मॉडेलचा चौकोन ९ किलोमीटरचा. गुलमर्गच्या खालच्या स्टेशनपासून वरच्या अफरवट डोंगराच्या खांद्यापर्यंत गोंडोलाची लांबी साधारण पाच किलोमीटर आणि चढ तेराशे मीटर. म्हणजे सबंध डोंगर एका चौकोनात गडप! मॉडेलला अफरवट दिसतच नाही, त्याला एक गुळगुळीत टेकाड दिसतं. डोंगराने हवा वर ढकलल्यामुळे पडणारा जादा बर्फ त्यात पुरता येत नाही. आमच्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत तयार झालेली भारत फोरकास्ट सिस्टम मे २०२५ पासून ६ किमीच्या चौकोनांवर चालते, हे पाऊल मोठंच आहे. तरी डोंगरासाठी शेवटी माणसाची नजर लागतेच.

बर्फाळलेला_बंड्या

रजेच्या अर्जात कारण काय लिहायचं, ‘अफगाणिस्तानावर स्वल्पविराम दिसला’?

हिमवेडी

बंड्या 😀 माझ्या मॅनेजरला व्याकरणाची आवड आहे, चालेल बहुतेक.

हवामानवेडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वाचनखूण साठवली. एक शंका आहे. मागच्या वेळी बर्फ भरपूर होता, पण गुडघाभर बुडून स्की वळतच नव्हत्या. तापमान तर उणेच होतं. मग असं का?

हवामानवेडा

वादळ कोणत्या क्रमाने आलं, त्यावर ते ठरतं. झंझावात येताना आधी नैर्ऋत्येचा वारा असतो, दमट आणि जरा उबदार. घळ पुढे सरकली की वारा वायव्येचा होतो आणि तापमान घसरतं. असं नीट झालं तर तळाला जड बर्फ बसतो आणि वर हलका. स्कीला खालून आधार मिळतो आणि वर तरंगायला मिळतं. उलटं झालं, म्हणजे थंड सुरुवात आणि शेवटी ऊब, तर हलक्यावर जड थर येतो. स्की वरचा थर फोडून खाली जाते आणि अडकते. असा पालथा थर निसटायलाही सोपा असतो.

म्हणून मी एकूण किती यापेक्षा शेवटचे सहा तास कसे गेले ते आधी बघतो.

निफाडचा_बागायतदार

स्की आयुष्यात बघितली नाही, तरी धागा मन लावून वाचला. कारण तुम्ही ज्याची वाट बघता त्याच झंझावातावर आम्हीपण डोळा ठेवून असतो.

तो काश्मिरातून पुढे सरकला की दोन-तीन दिवसांत उत्तरेचा वारा खाली येतो आणि आमच्याकडे पारा घसरतो. द्राक्षात गोडी उतरायची वेळ असते. पहाटे पाच-सहा अंशांवर गेलं की मण्यांना तडे जायला लागतात. मग पहाटे तीनला उठायचं, बांधावर शेकोट्या करायच्या, ठिबक चालू करायचं. जमिनीतलं पाणी त्यामानाने उबदार असतं, तेवढाच झाडाला आधार. आणि झंझावाताला अरबी समुद्राचं बाष्प जास्त मिळालं तर ढगाळ, अवकाळी, गारपीट. तेव्हा तर बोलायलाच नको.

हवामानवेडा साहेब, ते ५०० चं काय सांगितलंत ते मला नीट शिकवाल का? आम्हाला दोन दिवस आधीचा निरोप मिळतो, पाच दिवस आधी कळलं तर सरपणाची सोय करता येईल.

हवामानवेडा

दादा, नक्की. व्यनि करतो. तुमच्यासाठी खरं तर जास्त सोपं आहे, कारण घळ गेल्यावरची थंडी मॉडेलं बर्फापेक्षा बरीच चांगली पकडतात.

सपोरोची_माई

इकडची गंमत वेगळी. होक्काइडोत वादळाची वाट बघावीच लागत नाही. सैबेरियाची कोरडी गार हवा जपानच्या समुद्रावरून येते. खाली कोमट पाणी, वर बर्फगार हवा, वाटेत ती बाष्प पिते आणि किनाऱ्यावरच्या डोंगरांना धडकली की रिती होते. इथल्या निसेको या स्कीइंगच्या गावी हिवाळ्यात मिळून चौदा-पंधरा मीटर बर्फ पडतो, तोही रोज थोडा थोडा, रात्रीतून.

इथल्या बातम्यांत एक शब्द सारखा कानावर येतो, ‘सेइको तोतेई’. म्हणजे पश्चिमेला जास्त दाब, पूर्वेला कमी. नकाशावर समदाब रेषा उभ्या आणि दाट दिसल्या की शेजारचे आजोबा फावडं दारात आणून ठेवतात. सातवीतल्या माझ्या लेकालाही तो नकाशा वाचता येतो.

हिमवेडी, पैसे साठवून एकदा जानेवारीत इकडे या. इकडे वाट बघण्यात रजा जात नाही.

सॉल्टलेकवासी

माईंना अनुमोदन. आमच्याकडेही त्याचं धाकटं भावंड आहे. ग्रेट सॉल्ट लेक खारट असल्यामुळे गोठत नाही. वायव्येची हवा त्यावरून येते आणि पाणी व ३,००० मीटरवरची हवा यांच्यात सोळा अंशांच्या वर फरक पडला की सरोवराचा बर्फ सुरू होतो. वादळ संपलं म्हणून सगळे झोपतात आणि आमच्या दरीतल्या अल्टा या स्कीइंगच्या ठिकाणी सकाळी आणखी ३० सेंमी! तो पट्टा नेमका कोणत्या दरीवर बसेल हे मात्र आजही आधी सांगता येत नाही.

२०२२-२३ च्या हंगामात अल्टाला ९०३ इंच बर्फ पडला, म्हणजे जवळजवळ २३ मीटर. मी मागच्या अंगणात पांढरी रंगवलेली प्लायवुडची पाटी ठेवतो. बर्फ थांबला की लाकडी पट्टीने मोजायचा, पाटी झाडायची, पुन्हा ठेवायची. मोजलेला बर्फ डब्यात भरून वितळवायचा आणि पाणी मोजायचं. चौदा वर्षांच्या वह्या आहेत. मॉडेल कोणत्या वाऱ्यात किती चुकतं हे मला त्या वह्यांनी शिकवलं.

कांदेपोहे

सगळं पटलं, पण एक विचारतो. बर्फ तो बर्फ. दाबलेला काय आणि ताजा काय? त्यासाठी एवढी रजा, एवढा खर्च, एवढी जागरणं? मजा तर दोन्हीत येते.

हिमवेडी

कांदेपोहे, प्रश्न रास्त आहे, म्हणून मनापासून उत्तर देते.

दाबलेल्या उतारावर स्कीचा आवाज सतत येतो, खरखर. कडेवर भार द्यावा लागतो, मांड्या भरून येतात. ताज्या बर्फात आवाजच येत नाही. गुडघ्यापर्यंत पांढरं काहीतरी बाजूला होत जातं आणि पायांना जमीन लागत नाही. वळायला जोर लावायचा नसतो, नुसता श्वास सोडायचा, की वळण आपोआप होतं. थांबलं की बर्फाचे कण हळूच चेहऱ्यावर येऊन बसतात. मी बारावीपासून भरतनाट्यम करते. अंगाचं वजन असं विसरायला लावणारी दुसरी कुठलीही गोष्ट मला सापडलेली नाही.

कांदेपोहे

घ्या, पटलं. आता मलाच जायची इच्छा झाली.

शब्दवेल्हाळ

जरा अवांतर. या ताज्या हलक्या बर्फाला इंग्रजीत ‘पावडर’ म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? ‘भुकटी’ औषधाची वाटते, ‘चूर्ण’ त्याहून. मला ‘भुरभुर’ आवडतो. ‘आज वर छान भुरभुर आहे.’

सपोरोची_माई

आमच्या घरी ‘रांगोळी’ म्हणतात! लेक लहान असताना त्याने ठेवलेलं नाव. मुठीत धरली की बोटांतून गळते, गोळा होत नाही. गोळा झाला तर तो रांगोळीचा बर्फ नव्हे.

बर्फाळलेला_बंड्या

म्हणजे फेज टूला सकाळी पहिली केबिन पकडणारे सडा-रांगोळी करायला जातात, आणि नऊ वाजता येणारे ती पुसायला.

शब्दवेल्हाळ

रांगोळी! झालं, ठरलं.

काश्मिरीत बर्फाला ‘शीन’ म्हणतात. हंगामातला पहिला बर्फ पडला की एकमेकांना ‘नव शीन मुबारक’ म्हणायची तिथे पद्धत आहे. आपण पहिल्या पावसाला असं काही म्हणत नाही याचं मला वाईट वाटतं.

आडवाटेचा

रंगलेल्या गप्पांत मध्येच येतोय, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. एवढा मोठा धागा झाला आणि हिमस्खलनाबद्दल पालथ्या थराचं एक वाक्य सोडलं तर अवाक्षर नाही. सॉल्टलेकवासी, तुमच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती.

ज्या दिवशी ताजा बर्फ सर्वांत सुंदर असतो, त्याच दिवशी तो सर्वांत धोकादायक असतो. वादळ चालू असताना आणि ते संपल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत धोका सगळ्यात जास्त. आणि आपण अंदाज बघून नेमके त्याच दिवशी तिथे पोचायचा आटापिटा करतोय.

अफरवटची ठेवणच अशी आहे. गुलमर्गच्या बाजूचे उतार पूर्व-ईशान्येकडे बघतात. झंझावाताचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे मागून. तो पलीकडचा बर्फ उचलून धारेवरून अलीकडच्या घळींत ओततो. खाली मैदानात ३० सेंमी पडलेला असेल तेव्हा वर एखाद्या घळीत दीड मीटरची गादी तयार झालेली असते. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार सर्वांत वाईट, आणि स्कीला मजा येते तेही तेच.

८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान गेले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर पोलंडचे दोन स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन. तो कोरडा जानेवारी आणि त्यानंतरचा भरघोस बर्फ आठवा. जुना, उघड्यावर राहून कमकुवत झालेला थर खाली, आणि नवं ओझं वर.

मी स्वतः सात वर्षांपूर्वी एका गटाबरोबर होतो. गाईडने नको म्हटलं, तरी गटातले दोघे हद्दीबाहेर दोनशे मीटर आडवे गेले. पायाखाली ‘व्हुम्प’ असा आवाज आला, पोत्यावर पोतं पडावं तसा. भेग माझ्या स्कीच्या टोकापासून निघून तीस मीटर पळत गेली. उतार थोडा सौम्य होता म्हणून थर जागेवर राहिला. त्या रात्री बुखारीपाशी (लाकडाच्या शेगडीपाशी) बसून कुणी एक शब्द बोललं नाही.

हिमवेडी, दादाच्या नात्याने सांगतो. बीकन (गाडल्या गेलेल्याचा ठाव सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं या तीन गोष्टी प्रत्येकाकडे हव्यात, आणि वापरायचा सराव आधी झालेला हवा. गाडल्या गेलेल्या माणसाच्या हातात पंधरा-वीस मिनिटं असतात, त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. खालून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. तुमचा जीव तुमच्या सोबत्याच्या फावड्यावर असतो.

सॉल्टलेकवासी

आडवाटेचा, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि चूक माझी आहे. मी हे आधी लिहायला हवं होतं.

अमेरिकेतलं पहिलं हिमस्खलन संशोधन दुसऱ्या महायुद्धानंतर अल्टालाच उभं राहिलं, ते उगीच नाही. आमच्याकडे मोठ्या वादळात ‘इंटरलॉज’ लागतो. मग इमारतीच्या बाहेर पाऊल टाकणं बेकायदा. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो सलग साठ तास चालला होता. लोक खिडकीतून ताजा बर्फ बघत बसतात आणि कुणी तक्रार करत नाही.

माझा स्वतःचा नियम असा : २४ तासांत ३० सेंमीच्या वर पडला आणि वारा जोराचा असेल, तर त्या दिवशी फक्त झाडांत, सौम्य उतारावर. उघड्या घळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, तेही गस्तीपथकाने हिरवा कंदील दाखवल्यावर.

जुना_दादरकर

आणि म्हणूनच मी म्हणतो आठ दिवस राहा. 🙂 दोन दिवसांची खिडकी गाठायला आलेला माणूस तिसऱ्या दिवसाची वाट बघू शकत नाही. परतीचं तिकीट त्याला वर ढकलतं.

हवामानवेडा

दादरकर, हे वाक्य लाखमोलाचं. मी माझं मत बदलतो.

घाटवाट

प्रवासाचं कुणी बोललं नाही, म्हणून सांगतो. वादळ यायच्या आधी पोचा, वादळात नको. हिमवेडींचं दुसऱ्या वेळी घोडं तिथेच पेंड खाल्लं. अंदाज बघायचा तो पहिल्या बर्फाच्या आदल्या दिवशी गुलमर्गात असण्यासाठी. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे, विमान रद्द झालं तर तो पर्याय डोक्यात ठेवा. टंगमर्गच्या वर तेरा किलोमीटर चढ आहे. बर्फात तिथून साखळ्या लावलेली, चारही चाकांना जोर असलेली (फोर बाय फोर) गाडीच वर जाते, भाडं आधी ठरवून घ्या. आणि एका टूरवाल्याने मला ‘फेज टू चालूच असतो’ असं छातीठोक सांगितलं होतं. पाच दिवसांत तो एक दिवस चालू होता. वारा असेल तर बंदच राहणार, तेवढी मनाची तयारी ठेवा.

हिमवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आडवाटेचा दादा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

ठरलं ते असं. जानेवारीचा शेवटचा आठवडा, बदलता येणारी तिकिटं, थोडी महाग पडली तरी. सहा दिवस आधी एन्सेम्बल बघून पुढे-मागे सरकवायचं. वादळाच्या आदल्या दिवशी पोचायचं आणि मागे तीन रात्री मोकळ्या ठेवायच्या. बीकन भाड्याने घेऊन पर्वतीच्या पायथ्याशी आम्ही दोघांनी सराव केला. नवऱ्याने एक पालापाचोळ्यात पुरून ठेवला होता. पहिल्यांदा शोधायला नऊ मिनिटं लागली, सहाव्यांदा चार.

पायवाट

वृत्तांत नक्की लिहा! फोटोही हवेत.

हिमवेडी

मंडळी, परत आले. वृत्तांत देते.

सहा दिवस आधी पन्नासांतले तीस-पस्तीस जण ‘येतंय’ म्हणत होते, पण एक दिवस उशिरा. तिकिटं एक दिवस पुढे ढकलली. पोचलो त्या संध्याकाळी आभाळ दुधाळ झालं होतं, चंद्राभोवती खळं, आणि हॉटेलमधले चाचा म्हणाले, आज रात्री शीन. मी फोनमधला नकाशा दाखवला, त्यांनी चंद्र दाखवला. दोघांचं उत्तर एकच.

रात्री बारानंतर सुरू झाला. सुरुवातीला जड, खिडकीच्या काचेवर चिकटणारा. पहाटे चारला मी उठून बाहेर गेले, तर वारा फिरलेला होता. बुटांखाली बर्फ करकरत होता. फ्लीसची बाही पुढे केली आणि टॉर्च लावला. बाहीवर सहा पाकळ्यांच्या चांदण्या, सुट्ट्या सुट्ट्या, एकही दुसरीला चिकटलेली नाही. फुंकर मारली तर उडाल्या. माई, रांगोळी!

सकाळी मोजला तर ४२ सेंमी. फेज टू बंद, वर वारा होता. अपेक्षाच होती. गाईडबरोबर आम्ही बाबा रेशीच्या बाजूला देवदारांच्या रानातून उतरलो. सौम्य उतार, दाट झाडी, आणि आमच्या आधी फक्त एका कोल्ह्याची पावलं. तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला मी मध्येच थांबले आणि नुसती उभी राहिले. फांदीवरून बर्फ सरकून पडला तेवढाच काय तो आवाज.

दुसऱ्या दिवशी आकाश निळंशार, सगळे फेज टूसाठी रांगेत. गस्तीपथकाने वरची वाटी, म्हणजे वाटीसारखा उघडा उतार, उघडली नाही. वरून सुरुंगांचे आवाज येत होते. एक गट हद्दीबाहेरून जायचं म्हणत होता आणि आम्हालाही बोलावत होता. दादा, तुमचा तो ‘व्हुम्प’ मला ऐकू आला. आम्ही नाही म्हटलं आणि पुन्हा रानात गेलो. तिसऱ्या दिवशी अकराला वरची वाटी उघडली. तोवर वाऱ्याने बर्फ जरा घट्ट केला होता, तरी ३,९५० मीटरवरून पहिल्यांदा उतरले. डावीकडे दूर नंगा पर्बत दिसत होता.

दादरकर काका, परतीचं तिकीट चौथ्या दिवसाचं होतं. तुमच्यामुळे.

आडवाटेचा

‘आम्ही नाही म्हटलं’ हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. शाब्बास.

सॉल्टलेकवासी

४२ सेंमी! पाणी किती झालं ते मोजलंत का?

हिमवेडी

हो! चाचांकडून पातेलं घेऊन बुखारीवर वितळवलं. साधारण ३४ मिलिमीटर.

सॉल्टलेकवासी

म्हणजे बाराच्या पटीत. सुरुवात जड होती हे धरता छानच. वही सुरू करा आता.

निफाडचा_बागायतदार

ताई, वृत्तांत वाचून आनंद झाला. तुमचा तो झंझावात आमच्याकडे काल पोचला. आज पहाटे बागेत ५.८ होतं. हवामानवेडा साहेबांनी शिकवलेला नकाशा बघून चार दिवस आधीच सरपण आणून ठेवलं होतं, शेजारच्या दोघांनाही सांगितलं होतं. तीनपासून सहापर्यंत तिन्ही बागांत धूर होता. आत्ताच एक फेरी मारून आलो. तडे दिसले, पण मोजकेच, बांधाकडच्या दोन ओळींत.